अठरा इंचांच्या आतली मासळी

नाशकात मी सोळा वर्षं समुद्राची मासळी विकली, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग मनातल्या मनात नकाशाकडे. नाशिक म्हटलं की द्राक्षं, कांदे आणि गोदावरी. समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं. पण मासे खाणारी माणसं घाटाच्या वर राहत नाहीत असं थोडंच आहे? सत्तरच्या दशकात सातपूर-अंबडकडे कारखाने उभे राहिले, त्यांच्याबरोबर कोकणातून, मुंबईहून कामगार आले आणि त्यांच्या जिभाही सोबत आल्या.

मासेमारांच्या एका सहकारी संस्थेचं विक्री केंद्र बाजाराच्या कडेला होतं. धरणातली मासळी त्यांची स्वतःची, समुद्राची मुंबईहून यायची. मी अर्ज केला होता कारकुनाच्या जागेसाठी. मुलाखतीत तोंडी बेरजा फार पटकन केल्या, तिथेच फसले. ‘बाई गल्ल्यावर शोभतील’ असं म्हणत त्यांनी मला थेट काट्यासमोर उभं केलं. आमच्या घरात तोवर कुणी बोंबलापलीकडे समुद्र पाहिला नव्हता.

धंदा समजायला सोपा आहे. संध्याकाळी मुंबईच्या बंदरावर उतरलेला मासा बर्फात बसून ट्रकने कसारा घाट चढतो आणि सकाळी सातला आमच्या दारात उतरतो. मग त्याची परीक्षा तीन विषयांत: डोळा फुगीर हवा, कल्ले लाल हवेत आणि पोटावर बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून यायला हवा. खड्डा तसाच राहिला तर मासा आणि विकणारा दोघंही नापास. मी रोज प्रत्येक टोपलीतले पाच मासे दाबून बघायची, दोन वरचे, दोन मधले, एक तळाचा. तळाचा मासाच खरं बोलतो.

मासळी कापायला दगूभाऊ होते. सटाण्याकडचे, नदीच्या माशांवर वाढलेले, अहिराणी बोलणारे. समुद्र त्यांनी जन्मात एकदा पाहिला होता आणि ‘पानी वाया जास तठे’ एवढंच त्याबद्दलचं मत होतं. पण माशाच्या अंगात सुरी कुठून घालायची हे त्यांना कोणत्याही कोळ्याइतकं कळायचं.

मी हे सगळं लिहिते आहे ते एका चुकीबद्दल सांगायला. चूक माझी, शंभर टक्के माझी. पण ती सांगताना आजही हसू आवरत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांनी मला निर्लज्ज समजू नये.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आमच्याकडे दर बुधवारी आणि शनिवारी एक डॉक्टरीणबाई येत. जवळच त्यांचं प्रसूतिगृह होतं. परदेशात शिकून आलेल्या, पण बांगडा घेताना कल्ला स्वतः उघडून बघणाऱ्या. एका शनिवारी त्यांच्या शेजारी एक पोरगेली बाई उभी होती, पोट नुकतं दिसायला लागलेलं, आणि ती सुरमईच्या जाड तुकड्यांकडे बोट दाखवत होती. डॉक्टरीणबाईंनी तिचं बोट धरून तारलीच्या टोपलीवर आणलं. मग तिथेच, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी एक व्याख्यान दिलं.

गरोदर बाईने मासा खावा, आठवड्यातून दोन-तीनदा खावा, असं त्या म्हणाल्या. मासळीतलं तेल बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना हवं असतं. पण पाण्यात थोडा पारा असतो, तो लहान माशाच्या अंगात कणभर जातो. मोठा मासा असे हजारो लहान मासे खातो, वर्षानुवर्षं जगतो, आणि सगळा पारा त्याच्या मांसात साचत राहतो. तो आईच्या पोटात गेला की बाळाच्या मेंदूला बाधू शकतो. म्हणून तारली खा, बांगडा खा, मांदेली खा. “हातभर लांबीचे, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे नकोत,” असा त्यांनी शेवट केला आणि आठ बांगडे घेऊन निघून गेल्या.

मी आकड्यांची माणूस. ‘हातभर’ म्हणजे किती? माझा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पावणेसतरा इंच भरला, दगूभाऊंचा सव्वाएकोणीस. शाळेत शिकलेल्या कोष्टकात हात म्हणजे अठरा इंच. कोष्टक आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये पडत होतं, यापेक्षा मोठा पुरावा मला नको होता. दगूभाऊंच्या लाकडी ठोकळ्याच्या कडेपासून अठरा इंच मोजून मी त्यांना सुरीने एक खोल रेघ मारायला लावली. ठरलं: गरोदर बाईला मासा द्यायचा तर आधी ठोकळ्यावर झोपवायचा. रेघेच्या आत तर पास, बाहेर तर नापास.

रेघ आठवडाभरात बाजारात गाजली. त्याबरोबर पारासुद्धा गाजला, आणि तो मात्र भलताच. पारा चमकतो हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे पापलेटच्या अंगावरची चकाकी बघून बायका मागे सरायला लागल्या. तारलीची रुपेरी पाठ बोटाने घासून, बोट उजेडात धरून बघायच्या. एक निवृत्त गृहस्थ तापाची काचेची नळी घेऊन आले आणि ती पापलेटच्या तोंडात घालायला लागले. आत पारा असला तर नळीतला पारा त्याला ओळखून वर चढेल, असं त्यांचं शास्त्र होतं. दगूभाऊंनी शांतपणे विचारलं की मासा बर्फातून आलाय, त्याला ताप कुठून येणार. गृहस्थांनी दोन मिनिटं वाट पाहिली, नळी पुसून खिशात ठेवली आणि तोच पापलेट घेऊन गेले.

अंबडच्या एका कारखान्यातला तरुण बायकोसाठी रावस घ्यायला आला. मासा मोजला, एकोणीस इंच. मी नाही म्हटलं. त्याने माशाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “ताई, शेपटी छाटा ना. सतरावर येईल.” मी त्याला समजावलं की शेपटी कापल्याने माशाचं वय कमी होत नाही. तो कारखान्यात पत्रे मापात कापायचं काम करत असणार, त्याला पटेना. माप म्हणजे माप. दगूभाऊ सुरी उचलून तयारच होते, मी त्यांचा हात धरला.

आता आणखी एक गोष्ट मी केली. गरोदर बाईला रांगेत उभं करायला नको म्हणून ठोकळ्याशेजारी एक स्टूल ठेवलं आणि माझ्या वहीत त्यांची नावं, पत्ता आणि कितवा महिना हे लिहायला सुरुवात केली. म्हणजे कोणाला काय दिलं याचा मेळ राहील. स्टुलावर बसणाऱ्या बाईला रांगेच्या आधी आणि टोपलीतला सगळ्यात ताजा मासा. दिवाळीपर्यंत यादीत चौदा नावं झाली. आमच्या केंद्राने अख्ख्या शहराची लोकसंख्या वाढवायला घेतली आहे असं मला वाटायला लागलं होतं.

त्या यादीतलं पहिलं नाव वैजूचं. सुरमईकडे बोट दाखवणारी तीच ती. मालवणजवळच्या गावची, एकवीस वर्षांची. नवरा रमाकांत अंबडला लेथवर. सिडकोत एका खोलीत संसार, सासर-माहेर दोन्ही घाटाखाली. ओळख होऊन आठ दिवस झाले असतील, तिने स्टुलावर बसून तारली निवडता निवडता सांगितलं की गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. का गेलं ते कुणालाच कळलं नाही. सांगताना रडली नाही. फक्त म्हणाली की यावेळी ती कुणी सांगेल ते सगळं तंतोतंत करणार आहे. आणि मासळीचं सांगणारी मी होते.

तंतोतंत म्हणजे किती हे मला लवकरच कळलं. आठवड्यातून तीनदा म्हटलं तर तीनदाच, चौथ्यांदा मोह झाला तर केंद्रासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. पाचवा महिना लागला तेव्हा ती पंधरा दिवस श्वास धरल्यासारखी वावरली. तो पार पडला आणि एकदम तिला डोहाळे लागले. ते आंबट-चिंबटाचे नाहीत. तिला हवी होती मोरी.

मोरी म्हणजे आपल्याकडे मुशी. शार्कच्या जातीचा मासा. कोकणात त्याचं काय कौतुक आहे ते मला वैजूनेच सांगितलं. लहान मुशीचं कालवण गरोदर बाईला आणि बाळंतिणीला मुद्दाम देतात, त्याने दूध येतं अशी पक्की समजूत. तिच्या सासूला, सासूच्या सासूला, सगळ्यांना दिलेली. पण ताईंच्या रेघेत बसेल का, अशी तिला धास्ती. मी टोपलीतून एक मुशी काढून ठोकळ्यावर झोपवली. सोळा इंच. पास. वैजूने स्टुलावरून उठून मला मिठी मारली, माझ्या हाताला खवले, तिच्या साडीला खवले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. परंपरा आणि विज्ञान दोन्ही अठरा इंचांत बसवलं होतं मी.

पुढच्या दोन महिन्यांत वैजूने अकरा वेळा मुशी नेली. दर वेळी पाव किलो. वहीत आहे.

मग एका सकाळी ट्रकमधून एक चार फुटी मुशी आली. एवढी मोठी आमच्याकडे कधी येत नसे. दगूभाऊंनी तिला ठोकळ्यावर घातलं, तिच्या शेजारी टोपलीतली लहान एक ठेवली, आणि दोघींकडे आलटून पालटून बघत राहिले. तेच डोकं, तेच खाली वळलेलं तोंड, तेच दात.

“ताई,” ते म्हणाले, “हाऊ लहाना मापमा बसस. पन जात त तीच शे ना.”

मापात बसतो, पण जात तीच. मी उभ्या उभ्या डॉक्टरीणबाईंचं वाक्य परत मनात म्हटलं. हातभर लांबीचे, दुसऱ्या माशांवर जगणारे. त्यात दोन गोष्टी होत्या. जी मोजता येत होती ती मी घेतली आणि जी मोजता येत नव्हती ती सोडून दिली. शार्क लहान असला तरी शार्कच. तो जन्मल्यापासून दुसऱ्यांना खात सुटतो आणि त्याच्या अंगातला पारा बाकीच्या माशांपेक्षा आधीच चढायला लागतो. इतकं साधं होतं. ठोकळ्यावर ठसठशीत रेघ ओढून मी नेमकी तीच मुशी, जी पोटुशीला हौसेने खायला घालतात, तिला माझा शिक्का मारून देत होते.

केंद्र दगूभाऊंच्या हवाली केलं आणि मी ॲप्रनवरच डॉक्टरीणबाईंकडे निघाले. प्रसूतिगृहात सगळ्यांनी मला वाट करून दिली, ती आदराने नसून वासाने. बाईंनी ऐकून घेतलं. किती खाल्लं असेल विचारलं. मी वही उघडली. अकरा वेळा पाव किलो म्हणजे पावणेतीन किलो, त्यातलं निम्मं नवऱ्याने, डोकं-शेपटी वजा जाता तिच्या वाट्याला साधारण किलोभर. बाई हसायला लागल्या. इतका चोख हिशेब त्यांची नर्ससुद्धा ठेवत नाही म्हणाल्या. मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं की पारा एका जेवणात चढत नाही आणि एका दिवसात उतरतही नाही. एवढ्याने हातपाय गाळायचं कारण त्यांना दिसत नव्हतं. पण आजपासून मुशी बंद, बाळ अंगावर पीत असेपर्यंत पूर्ण बंद, आणि तारली-बांगडा चालूच ठेवायचा. भीतीने मासाच सोडला तर तेही वाईट.

मी विचारलं, धोका किती? शेकड्यात सांगा.

“आकडा नाही माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “आणि तिला हे तुम्ही सांगायचं. मी नाही.”

सोळा वर्षांच्या नोकरीत ज्याच्या उत्तरात मला आकडा मिळाला नाही असा तो एकच प्रश्न.

वैजू दारात बसून तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न वगळता, रेघेपासून दगूभाऊंपर्यंत. तिने सूप बाजूला ठेवलं. मग तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आतून चांगली सणसणीत लाथ बसली.

“हलतंय ना?” तिने विचारलं. मी मान हलवली. “गेल्या वेळी काय चुकलं ते कुणी येऊन सांगितलंच नाही, ताई. तुम्ही निदान आलात.” आणि थोड्या वेळाने, सूप परत हातात घेत, “पण मोरी होती मात्र छान.”

मला रडू आलं आणि हसू आलं, दोन्हीची एकदम गर्दी झाली. पण माझ्या यादीत अजून तेरा नावं होती, आणि रेघ खोटी निघाली हे प्रत्येकीला सांगायला हवं होतं.

त्या दोन दिवसांत मी शहर बस आणि पायांनी जेवढं नाशिक पाहिलं तेवढं नंतर कधी पाहिलं नाही. पहिल्या घरी गेले तर यादीतली सातव्या महिन्याची बाई स्टुलावर चढून छताची जळमटं काढत होती. ‘अहो, सातव्यात स्टुलावर?’ असं मी ओरडले, तसं तिच्या सासूने मला विचारलं की सातवा म्हणजे कोणता सातवा. बाई स्टुलावरून खाली उतरली, पदर सारखा केला आणि मला स्वयंपाकघरात नेऊन हात जोडले. रांगेत कंटाळा येत होता, ताई.

दुसऱ्या एका घरी तर मला माझ्या गणिताचीच लाज वाटली. त्या बाईंचं नाव वहीत पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आठवा महिना होता आणि माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत, दर महिन्याला एक वाढवत वाढवत, त्यांना आता अकरावा लागला होता. दर बुधवारी मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायची. त्या म्हणायच्या, पहिलटकरीण आहे, उशीर होतो.

एक पन्नाशीच्या मावशी निघाल्या. त्यांनी मात्र लपवलं नाही. पोट त्यांचं नव्हतं, मुलीचं होतं. मुलगी येवल्याला दिलेली, तिथे समुद्राचा मासा मिळत नाही, म्हणून त्या इथे पदराखाली पिशवी बांधून स्टुलावर बसायच्या, बांगड्याचं कालवण करायच्या आणि शनिवारी सकाळच्या एसटीने डबा घेऊन जायच्या. हे ऐकून मी त्यांचं नाव यादीत तसंच ठेवलं. फक्त महिन्याच्या रकान्यात ‘येवला’ लिहिलं.

चौदापैकी पाच खोट्या निघाल्या, येवला धरून सहा. खऱ्या आठ. त्यातल्या वैजू सोडून फक्त दोघींनी मुशी नेली होती, त्याही एकेकदाच. ती दोन नावं वहीत वाचताना मी एका अनोळखी घराच्या ओट्यावर बसून पाणी मागून प्यायले.

परत आल्यावर दगूभाऊंनी ठोकळा पालथा घातला. रेघ खाली गेली. मी भिंतीवर एक फळा लावला आणि त्यावर लांबीऐवजी नावं लिहिली: हे खा, हे नको. सुरमई, मुशी आणि मोठ्या शिकारी माशांचं नाव ‘नको’मध्ये. उलट आमचा धरणातला रोहू, जो बिचारा हातभर म्हणून माझ्या रेघेने इतके दिवस नापास केला होता, तो शेवाळ-वनस्पती खाऊन जगणारा सज्जन असल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि त्याला ‘खा’मध्ये बढती मिळाली. दगूभाऊ फार खूश झाले. नदीचा माणूस शेवटी वर आला.

पुढचे दोन महिने मला आकडा नसताना जगायची सवय करावी लागली. ती झाली नाही. वैजू मजेत होती, तारली खाऊन गालांवर तुकतुकी आली होती, आणि मी तिच्याकडे दर भेटीला अशी बघायची की रमाकांतने एकदा हळूच विचारलं, “ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?”

चैत्रात वैजूला मुलगी झाली. दोन किलो नऊशे. जन्मल्या जन्मल्या तिने असा आवाज लावला की बाहेर बाकावर बसलेल्या रमाकांतला आणि मला कुणी येऊन सांगायची गरज पडली नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मी तरी वही आणली होतीच: नजर कधी ठरते, मान कधी धरते. बाईंनी वही माझ्या हातातून काढून घेतली आणि मिटून परत दिली.

पाचव्या दिवशी वैजूच्या सासूबाई आल्या. मालवणहून एसटी बदलत बदलत, मांडीवर एक गाठोडं घेऊन. गाठोडं सोडायच्या आधीच वासाने मला आत काय आहे ते कळलं. खारवून वाळवलेली मोरी. बाळंतिणीसाठी.

खोलीत आम्ही चौघी. पाळण्यातली धरून. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मधेच हात वर केला.

“माझ्या चारय पोरांक मोरीच्याच सारार दूध इला. तुझ्या डाक्तरनीक किती पोरां?”

डॉक्टरीणबाईंना एकच. सासूबाई पुढे म्हणाल्या की सरकारी दवाखान्यातसुद्धा मुशीचं तेल बाटल्या भरून देतात, मग मुशी वाईट कशी. हा प्रश्न चांगला होता आणि माझी तयारी होती. तेल कलेजीतून काढतात, पारा बसतो मांसात, हे मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, ऐकल्याचं चेहऱ्यावर दाखवलं नाही. मग चुलीवरच्या टोपात डोकावून बघितलं. त्यात तारलीचं कालवण होतं.

इथे त्या खऱ्या दुखावल्या. हे मला आधी कळलं नाही, नंतर कळलं. पारा-बिरा त्यांना सहन झाला असता. पण तारली म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात हलका मासा. पहिल्या बाळंतिणीला तो घातला असं गावात कळलं तर सासूने सुनेच्या खाण्यात हात आखडला असं बोलतील.

“बाळंतिणीक पेडवे?” तारलीला त्यांच्या गावच्या नावाने हाक मारत त्या म्हणाल्या. “आमच्याकडे पेडवे माडाच्या मुळात खत म्हणान घालतत.”

“मग माड केवढा होतो, मावशी?” मी विचारलं.

बाजेवर वैजूने तोंडात पदर कोंबला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, त्यांनी तो लगेच जागेवर आणला. मग वाकून पाळण्यातल्या नातीच्या मांड्या चिमटीत धरून बघितल्या, माझ्या दाबून बघायच्या परीक्षेसारख्याच. खड्डा ताबडतोब भरून आला असावा.

“गाववाल्यांनी इचारल्यानी तर तुझा नाव सांगतलंय,” त्या म्हणाल्या. “नाशकातल्या एका बायलेन केल्यान म्हणान.”

मी म्हटलं सांगा, पत्ता पण देते. त्यांनी माझा पत्ता खरोखरच मागून घेतला. नंतर वर्षभर मालवणकडची जी बाई नाशकात येई ती मला बघायला येई. बहुतेकींनी आधी बघितलं आणि मग तारली नेली.

सासूबाई नातीसाठी नाशकातच राहिल्या. आणलेली मोरी त्यांनी स्वतः शिजवली आणि रमाकांत, मी आणि त्या अशा तिघांनी वैजूसमोर बसून खाल्ली. मी सांगते, मी आयुष्यात इतका चविष्ट अपराध दुसरा केला नाही. वैजू तारलीचे काटे काढत आमच्याकडे बघत होती. सगळं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, “अंगावरचं सुटेपर्यंत. त्या दिवशी मोरी मला. आणि वाढायची तुम्ही, ताई.”

मी कबूल केलं. तिने लिहून घ्यायला लावलं.

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा वैजूने निरोप पाठवला. मी त्या सकाळी टोपलीतली सगळ्यात ताजी मुशी निवडली आणि ॲप्रन सोडून सिडकोत गेले. सासूबाईंनी कालवण केलं, खोबरं भाजून, तिरफळ घालून. मी पाट मांडून वैजूला वाढलं. पहिला घास घेऊन तिने डोळे मिटले. दीड वर्ष ती बाई हा घास राखून बसली होती.

मुलगी तोवर भिंतीला धरून उभी होती. तिने आईचं तोंड बघितलं, ताट बघितलं, भिंत सोडली आणि चार पावलं टाकली, डुगडुगत, कुठेही न पडता. खाली बसून तिने चिमुकली बोटं सरळ कालवणातल्या तुकड्याकडे नेली.

आम्ही चौघांनी एकदम हात पुढे केले. रमाकांतचा पाण्याच्या तांब्याला लागला, माझा वैजूच्या मनगटावर आदळला. ताटावर सगळ्यात आधी आडवा पडला तो सासूबाईंचा.

“तुका नाय, बाय,” त्या नातीला म्हणाल्या आणि दुसऱ्या हाताने वाटीतली तारली पुढे ओढून, काटा काढायला बसल्या.